उत्तरमेरूरचे मडके आणि शाळेतली चिठ्ठी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की महाराष्ट्रातल्या प्रत्येक खासगी शाळेत एक छोटासा कार्यक्रम व्हायला हवा. कायदा म्हणतो, शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळेच्या प्रमुखाने पालक-शिक्षक संघ स्थापन करावा आणि जे पालक इच्छुक असतील त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडावी. निवडणूक नाही, नेमणूक नाही, सोडत. बहुतेक पालकांना हे माहीतच नसते. ज्यांना माहीत असते त्यांतल्या अनेकांना सोडत कधी झाली याचा पत्ता लागत नाही. ऑगस्टमध्ये व्हॉट्सअॅपवर एक फोटो येतो. मुख्याध्यापकांच्या दोन्ही बाजूंना पुष्पगुच्छ घेतलेले पाच-सहा पालक, खाली 'नवनिर्वाचित समितीचे अभिनंदन'. चेहरे गेल्या वर्षीचेच असतात.

ही समिती स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडणारी असती तर कोणाचे काही बिघडले नसते. पण याच समितीपुढे शाळेचे व्यवस्थापन शुल्काचा प्रस्ताव ठेवते आणि समितीने मान्य केलेले शुल्क दोन वर्षे लागू होते. एखाद्या मध्यमवर्गीय घरात दोन मुले शिकत असतील तर घरभाड्यानंतरचा सर्वात मोठा खर्च हाच. म्हणजे ज्या दहा-पंधरा पालकांना बाकीच्यांनी निवडलेले नाही, कित्येकदा ओळखतही नाहीत, त्यांची सही सगळ्यांच्या खिशातून पैसे काढते. हे पालक सह्याजीराव असले तर काय होते ते वेगळे सांगायला नको. हजेरीच्या कागदावर सही घ्यायची आणि वर ठराव नंतर लिहायचा, ही युक्ती सहकारी पतसंस्थांइतकीच शाळांनाही ठाऊक आहे.

उलटा प्रकारही असतो. समितीत शिरलेला एखादा पालक शाळेलाच वेठीला धरतो. गणवेशाचे काम आपल्या ओळखीच्या दुकानाला, सहलीची बस आपल्या माणसाची, नाटकातली मुख्य भूमिका आपल्या लेकीला, आणि कोणा शिक्षिकेने विरोध केला तर तिच्याविरुद्ध दहा पालकांच्या सह्यांचे पत्र. अशा माणसापुढे मुख्याध्यापकही हतबल होतात. तेव्हा प्रश्न शाळा वाईट की पालक वाईट असा नाही. छोट्या संस्थेत खुर्ची मिळाल्यावर माणूस ती घरची समजू लागतो, आणि त्याला थोपवायचे कसे, हा प्रश्न आहे. तो फार जुना आहे.

आधी आपला कायदा कुठून आला ते पाहू. महाराष्ट्रात देणगीच्या नावाखाली चालणाऱ्या वसुलीविरुद्ध १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा झाला. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना आपले शुल्क ठरवण्याची मोकळीक दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही असेही सांगितले. पुढची सगळी भांडणे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाली. वाजवी उत्पन्न कुठे संपते आणि नफेखोरी कुठे सुरू होते? तामिळनाडूने २००९ मध्ये कायदा करून शुल्क ठरवण्याचे काम सरकारी समितीकडे दिले. महाराष्ट्राने २०१० मध्ये नुसता शासन निर्णय काढून पाहिला. कायद्याचा आधार नसल्याने तो उच्च न्यायालयात टिकला नाही. मग महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ आला. राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो अमलात यायला २०१४ उजाडले आणि त्याचे नियम व्हायला २०१६.

या कायद्याने तामिळनाडूपेक्षा वेगळी वाट धरली. शुल्क ठरवायचा पहिला अधिकार सरकारकडे न देता शाळेतल्याच पालक-शिक्षक समितीकडे दिला. व्यवस्थापनाने मागितलेले आणि समितीने मान्य केलेले शुल्क यांत १५ टक्क्यांहून अधिक फरक पडला तर प्रकरण निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या विभागीय समितीकडे जाते. कल्पना चांगली होती. घरातले भांडण घरात मिटावे. अडचण एवढीच की पालक-शिक्षक संघ नावाची वस्तू मुळात या कामासाठी घडलेलीच नव्हती.

या प्रकारच्या संघांचा उगम अमेरिकेत शोधला जातो. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉशिंग्टनला अॅलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी अॅपर्सन हर्स्ट यांनी मातांची राष्ट्रीय परिषद भरवली. काही शेकडा बाया येतील असे वाटत होते, दोन हजारांवर माणसे जमली. बालवाडी, मुलांचे आरोग्य, बालगुन्हेगारांसाठी वेगळी न्यायालये असे त्यांचे विषय होते. १९०८ मध्ये संस्थेच्या नावात पालक आणि शिक्षक आले. काळ्या पालकांना दक्षिणेतल्या राज्यांत या संघात जागा नव्हती, म्हणून १९२६ मध्ये अटलांटाच्या सेलेना स्लोन बटलर यांनी त्यांची वेगळी राष्ट्रीय संघटना उभी केली. दोन्ही एक व्हायला १९७० साल उजाडले. 'सर्व पालकांचा संघ' असे म्हणताना 'सर्व' या शब्दात कोण येते, हा प्रश्न त्या संस्थेला जन्मापासून चिकटला होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तिथे संघ शाळेचा मदतनीस होता. निधी जमवायचा, केक विकायचे, वाचनालयाला पुस्तके द्यायची. हाच नमुना जगभर गेला आणि आपल्याकडेही आला. मदतनीसाला नेमणारा मुख्याध्यापक असला तर त्यात गैर काय? पण त्याच मदतनीसाला एके दिवशी हिशेब तपासनीस केले आणि नेमण्याची जुनी सवय तशीच राहिली, की गडबड सुरू होते.

२०११ चा कायदा करणाऱ्यांना हे कळले असावे. म्हणूनच त्यांनी चिठ्ठी आणली.

सोडत हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. म्हाडाच्या घराची सोडत असते, शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांची असते, महापालिकेत कोणता प्रभाग कोणासाठी राखीव हेही सोडतीने ठरते. आमच्या मोहल्ल्यात हजला जायचा नंबर लागला की नाही हे 'कुरआ'वर ठरते, आणि ज्यांचा नंबर लागत नाही ते हळहळतात, पण शेजाऱ्याशी भांडत नाहीत. चिठ्ठीचा हाच गुण. ती कोणाची बाजू घेत नाही, म्हणून हरलेल्याचा अपमान होत नाही आणि जिंकलेल्याला माज करायला कारण उरत नाही. प्रभागांच्या सोडतीत चिठ्ठ्या काढायला शाळेतली मुले बोलावतात. आपण ते पाहतो आणि विसरतो. या साध्या प्रथेसारखीच एक प्रथा हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली होती.

तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले दोन लेख आहेत, एक इसवी सन ९१९ चा आणि दुसरा ९२१ चा. के. ए. नीलकंठ शास्त्री यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. गावाच्या सभेच्या समित्या कशा निवडायच्या याचे नियम त्यांत आहेत. पद्धतीचे नाव कुडवोलै, म्हणजे मडक्यातल्या ताडपत्राच्या चिठ्ठ्या.

गावाचे ३० प्रभाग. प्रत्येक प्रभागातल्या पात्र माणसांची नावे चिठ्ठ्यांवर लिहायची, प्रभागवार जुड्या बांधायच्या. मग लहानथोर सगळी सभा बोलवायची. गावात असलेल्या पुजाऱ्यांपैकी कोणीही गैरहजर राहायचे नाही. त्यांतल्या ज्येष्ठाने उभे राहून रिकामे मडके सगळ्यांना दिसेल असे उंच धरायचे. आत काय आहे हे ज्याला कळत नाही अशा एका लहान मुलाने जुडी काढायची, ती दुसऱ्या मडक्यात टाकून हलवायची, आणि त्यातून एक चिठ्ठी काढून मध्यस्थाच्या हातात द्यायची. मध्यस्थाने ती कशी घ्यायची हेही लिहिले आहे: पाचही बोटे पसरून, उघड्या तळहातावर. मग त्याने मोठ्याने वाचायची आणि तिथे हजर असलेल्या सर्व पुजाऱ्यांनी तीच चिठ्ठी पुन्हा वाचायची.

पसरलेली पाच बोटे! हा नियम काही कोणाला घरी बसून सुचलेला नाही. कधीतरी कोणीतरी मुठीत दुसरी चिठ्ठी लपवली असणार, सभेत गदारोळ झाला असणार, त्यातून हे कलम जन्मले असणार. दगडावर कोरलेल्या प्रत्येक बारीक नियमामागे एक लबाडी उभी दिसते.

पात्रतेचे नियमही असेच बोलके आहेत. वय ३५ ते ७०. कर भरणारी पाव वेलीहून जास्त जमीन, स्वतःच्या जागेवर घर. गेल्या तीन वर्षांत कोणत्याही समितीवर नसलेला. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, आधी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही त्याचे नाव मडक्यात जाणार नाही. त्याचेच नव्हे, त्याच्या नातेवाइकांचेही नाही. म्हणजे आपण बाजूला होऊन मेहुण्याला पुढे करायची सोय नाही. निवडलेल्या ३० जणांतून १२ वार्षिक समितीवर, १२ बागांच्या आणि ६ तलावाच्या. मुदत ३६० दिवस. मध्येच कोणी अपराधी ठरला तर त्याला तिथल्या तिथे काढायचे. सोन्याची पारख बघायला वेगळी समिती, हिशेबनिसाचे नियम वेगळे. आणि हे सगळे एका फटक्यात जमलेले नाही. ९१९ चा लेख पुरेना, म्हणून दोनच वर्षांनी दुसरा लेख कोरून नियम आणखी बारीक केले. दुष्टांचा बंदोबस्त व्हावा आणि बाकीच्यांचे भले व्हावे, असा हेतूही त्यात स्पष्ट सांगितला आहे.

आता हा लेख दाखवून 'आमच्याकडे लोकशाही हजार वर्षांपासून होती' अशी भाषणे खूप होतात, म्हणून सांगितले पाहिजे की उत्तरमेरूर हे ब्राह्मणांना दान दिलेले गाव होते आणि ही सभा त्यांचीच होती. जमीन नसलेल्याची, बाईची, शेत कसणाऱ्या कुळाची चिठ्ठी त्या मडक्यात नव्हती. वेद आणि भाष्य येत असेल तर जमिनीची अट सैल व्हायची, एवढाच काय तो उदारपणा. म्हणजे सत्ता आपसात न्याय्य रीतीने वाटून घेणाऱ्या मूठभरांची ती व्यवस्था होती. पण त्या मूठभरांनी एकमेकांना किती ओळखले होते! आपल्यातला विद्वान, सधन, सोवळा माणूसही संधी मिळाली तर तलावाचा पैसा खाईल, हे गृहीत धरून त्यांनी नियम लिहिले. चांगली माणसे निवडा असा उपदेश केला नाही.

ग्रीसमधल्या अथेन्सचा अनुभव असाच. तिथल्या ५०० जणांच्या सभेचे सदस्य चिठ्ठीने निवडले जात, एका वर्षासाठी, आणि आयुष्यात दोनदाच. पद सोडताना हिशेबाची जाहीर तपासणी व्हायची. सेनापती मात्र मतदानाने निवडत, कारण लढाईला कसब लागते. शाळेच्या समितीला कोणते कसब लागते? ताळेबंद वाचता यावा, प्रश्न विचारायची लाज वाटू नये. हे सरसकट कोणालाही जमते. म्हणून समितीची निवडणूक घ्या असे म्हणणाऱ्या मित्रांशी माझे पटत नाही. शाळेतल्या निवडणुकीत ज्याच्याकडे वेळ आणि ओळखी आहेत तो जिंकतो, आणि पाच वर्षांत तोच गावचा पुढारी होतो.

पण चिठ्ठीही आपोआप न्याय करत नाही, हे जपानकडे पाहून कळते. युद्धानंतर मार्च १९४६ मध्ये अमेरिकी शिक्षण मंडळ तिथे आले आणि लवकरच गावोगाव पालक-शिक्षक संघ निघाले. लोकशाहीचे धडे म्हणून. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शाळेला पैसा पुरवणाऱ्या जुन्या मंडळांनीच नवी पाटी लावली आणि तेच स्थानिक पुढारी अध्यक्ष झाले. 'बॉस' लोकांच्या तावडीतले संघ ही तक्रार तेव्हापासूनची. पुढे वेगळेच दुखणे आले. मूल शाळेत गेले की पालक आपोआप सदस्य, आणि कामाला कोणी तयार नसल्याने चिठ्ठ्या किंवा चक्क दगड-कागद-कात्री खेळून पदाधिकारी ठरवायचे. राबणाऱ्या बहुतेक आया, अध्यक्ष मात्र बहुधा पुरुष. कुमामोतोच्या एका वडिलांनी २०१४ मध्ये न विचारता सदस्य केल्याबद्दल खटला भरला. खालच्या न्यायालयात ते हरले. २०१७ मध्ये वरच्या न्यायालयात तडजोड झाली, आणि सदस्यत्व ऐच्छिक आहे हे पालकांना नीट सांगण्याचे संघाने मान्य केले. नाखूष माणसांमधून काढलेली चिठ्ठी म्हणजे वेठबिगार, एवढे यातून दिसते. आपल्या कायद्याने 'इच्छुक' पालकांमधून चिठ्ठी काढायला सांगितली, ते शहाणपणाचे आहे.

मग आपले कुठे अडते? मडके कोणाच्या हातात आहे, इथे अडते.

संघ स्थापन करणारा शाळेचा प्रमुख. समितीचा अध्यक्षही तोच. सचिव शिक्षक, म्हणजे त्याचाच कर्मचारी. पालकांच्या वाट्याला उपाध्यक्षपद, दोन सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेतून एक सदस्य. ज्याच्या प्रस्तावाची छाननी करायची त्या व्यवस्थापनाचा पगारी माणूस बैठकीच्या मधल्या खुर्चीवर बसतो. गंमत अशी की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार जिल्हा परिषदेच्या शाळेत जी व्यवस्थापन समिती असते तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि महाराष्ट्रात तिचा अध्यक्षही पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव. शेतमजूर बाई जिल्हा परिषद शाळेच्या समितीची अध्यक्ष होऊ शकते. लाखभर रुपये शुल्क भरणारा इंजिनीअर आपल्या मुलाच्या शाळेत फार तर उपाध्यक्ष होतो.

एका शहरातल्या शाळेतली सोडत मी पाहिली आहे. चिठ्ठ्यांचा डबा कार्यालयातून बंद होऊन आला. तो रिकामा होता का, त्यात कोणाची किती नावे होती, कोणी विचारले नाही. मी विचारले. 'सर, आमच्यावर विश्वास नाही का?' असे हसून उत्तर मिळाले आणि सभागृहही हसले. विश्वासाचा प्रश्न आला की आपल्याकडे हिशेब मागणारा वाईट ठरतो. उत्तरमेरूरच्या सभेत मात्र कोणाचा अपमान न करता रोज भेटणाऱ्या ज्येष्ठ पुजाऱ्यालाही मडके उंच धरून दाखवावे लागायचे, कारण तो नियम सगळ्यांसाठी होता. अमानत सांभाळणाऱ्याने हिशेब द्यायचा असतो, मागणाऱ्याने ओशाळायचे नसते.

तक्रारीची वाटही अरुंद आहे. २०१८ च्या दुरुस्तीने शुल्काविरुद्ध पालकांना विभागीय समितीकडे जाता येईल असे केले, पण किमान २५ टक्के पालक एकत्र आले तर. २,००० पालकांच्या शाळेत ५०० सह्या. ज्या पालकांकडे एकमेकांचे फोन नंबर नाहीत, ज्यांच्या व्हॉट्सअॅप गटात फक्त शाळेलाच लिहिता येते, त्यांनी ५०० सह्या कशा जमवायच्या? आणि प्रत्येकाच्या मनात एकच भीती असते, माझ्या मुलाला वर्गात याचा त्रास झाला तर? करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, राज्य सरकारने १५ टक्के शुल्ककपातीचा निर्णय काढला. तेव्हाही तो मिळवण्यासाठी शाळेच्या दारात उभे राहणारे पालक थोडे होते, आणि त्यांच्यामुळे सवलत मिळालेले बरेच.

जिथे काही बदलले तिथे ते मोठ्या आंदोलनाने नव्हे, बारीकसारीक मागण्यांनी बदललेले मी पाहिले. सोडतीची तारीख आधी लेखी कळवा. इच्छुकांची यादी फलकावर लावा. डबा सगळ्यांसमोर उघडा आणि चिठ्ठी पहिलीच्या मुलाला काढू द्या. शुल्काच्या प्रस्तावासोबतचे जमाखर्चाचे कागद बैठकीच्या आधी द्या, बैठकीत नको. इतिवृत्त लिहून झाल्यावर सही, आधी नाही. गेल्या वर्षीच्या समितीने सहलीचा आणि संमेलनाचा हिशेब दिला का ते नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारा. यांतल्या एकाही मागणीत कोणाला चोर म्हटलेले नाही, त्यामुळे नाही म्हणणाऱ्यालाच कारण शोधावे लागते. एका शाळेत तीन आयांनी फक्त इतिवृत्ताची प्रत मागायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी इच्छुकांचे अर्ज चारपट झाले.

अर्ज वाढले की चिठ्ठीला अर्थ येतो. दहा जागांसाठी दहाच मर्जीतली नावे असतील तर मडके कितीही स्वच्छ असो, काय उपयोग? उत्तरमेरूरला प्रत्येक प्रभागातल्या प्रत्येक पात्र माणसाचे नाव मडक्यात जायचे. आपल्याकडे नाव घालायचे की नाही ते प्रत्येकाने ठरवायचे आहे, आणि त्यासाठी अर्ज लागतो. तो शाळेच्या कार्यालयात मिळतो, जून संपायच्या आत.